नादाचे औषध



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारी नोकरी बँकेत गेली. आकडा जुळल्याशिवाय पान उलटायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून ‘नामगजराने रोग बरे होतात’ असे कोणी म्हणाले, की मी विचारतो, बाबा रे, कोणता रोग आणि किती बरा?

श्रीगुरुचरित्राच्या सहाव्या अध्यायात गोकर्णमहिमा आहे. तिथे रावणाने शंकराला प्रसन्न केले ते शस्त्राने नव्हे, गायनाने. प. पू. टेंबे स्वामींची व्याकुळता करुणात्रिपदी होऊन आजही आपल्या गळ्यात आहे. नाद देवापर्यंत पोचतो, ही आपली श्रद्धा. तो देहापर्यंत कसा पोचतो?

२००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीच्या बर्नार्डी व सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. २३ निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि योगमंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला आणि हृदयाची लय सुधारली. म्हणजे सावकाश श्वास सोडत म्हटलेले नाम देहालाही शांत करते. आकडा जुळला!

आता घरचे सांगतो. माझ्या थोरल्या बंधूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. साधा ‘पाणी’ शब्द येईना. वहिनी रोज संध्याकाळी दत्ताची आरती म्हणायच्या. एका गुरुवारी त्यांच्या आवाजात दादांचा आवाज मिसळला, शब्द अगदी स्पष्ट! आरती संपली आणि दादा पुन्हा मुके. वहिनींच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाल्या, “भावजी, महाराजांनी अर्धंच दिलं हो.”

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी उलगडा केला. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचे केंद्र डाव्या बाजूला असते. सुराच्या कामात उजवी बाजूही असते. १९७३ साली बोस्टनच्या तज्ज्ञांनी यावरून उपचार मांडला. शब्द सुरात म्हणवून घ्यायचा, हाताने ताल धरायचा, मग हळूहळू सूर कमी करत बोलण्याकडे यायचे. वहिनींनी तेच धरले. दादांचा डावा हात हातात घेऊन ‘पा-णी’ दोन सुरांत. काही महिन्यांनी पाणी, चहा, नको, इतके शब्द परतले. उजवा हात परतला नाही. गोळ्या शेवटपर्यंत चालू होत्या.

मला वाटते, महाराज अर्धे देतात ते उरलेले अर्धे आपल्या हातून करून घेण्यासाठी. नाम घ्यावे, औषधही घ्यावे. एकाने दुसरे बंद करू नये.

आणि एक. दादांना शब्द दिले ते माणसाच्या गळ्यातल्या हळू सुराने. उत्सवात कर्णा लावला, की तोच नाद शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडतो. कायद्याने निवासी भागात रात्री १० नंतर मर्यादा ४५ डेसिबल आहे. कायदा राहू द्या, पण ज्याला आपण कृपासिंधू म्हणतो, त्याच्या नावाने कोणाला त्रास का व्हावा?

यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मोत्सवाचा पाळणा झाला, की प्रसाद घेऊन ओळखीच्या एखाद्या आजाऱ्याकडे जा. मोबाईलवर भजन लावून देऊ नका. जवळ बसा, हात हातात घ्या, त्यांना पाठ असलेले काहीही त्यांच्याबरोबर म्हणा. सूर चुकला तरी चालेल.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!