कोणाचीच नसलेली भाषा

माणसाला कशाचा छंद जडेल हे सांगता येत नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, कोणी गच्चीवर कबुतरे पाळतो. घरची माणसे अशा छंदांना नावे ठेवतात, पण निदान छंद काय आहे हे त्यांना कळते तरी. परंतु एखादा गृहस्थ आयुष्यभर, नोकरी-संसार सांभाळून, रात्री टेबलाशी बसून अशा एका भाषेचे व्याकरण लिहीत असेल, की जी जगात कोणीच बोलत नाही, तर त्याला काय म्हणावे? तिची रूपे चालवायची, शब्दकोश करायचा, दहा वर्षांनी तोच कोश खोडून पुन्हा लिहायचा. ना मानधन, ना पदवी, ना कोणी ऐकणारे.

आपल्या मुलखात तर हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. इथे भाषा ही दुकानाच्या पाटीवर, जमिनीच्या उताऱ्यावर, मुलाच्या शाळाप्रवेशाच्या अर्जावर झगडून मिळवायची वस्तू झाली आहे. ज्यांची स्वतःची भाषा अशी दारात ताटकळत उभी आहे, त्यांनी कोणाचीच नसलेली भाषा घडवत बसण्याला चैन म्हणावे की बेइमानी? हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. कारण त्याचे उत्तर देताना, आपण आपल्या भाषेवर प्रेम करतो म्हणजे नेमके काय करतो, हेही सांगावे लागते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कृत्रिम भाषा म्हटले की आपल्याला एस्पेरांतो आठवते. तिचा कर्ता लुडविक झामेनहोफ हा १८५९ साली बियालिस्टोक या गावी जन्मला. त्या गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणारे शेजारी शेजारी राहत आणि एकमेकांकडे संशयाने बघत. आपल्याला हे चित्र समजावून सांगायला नको. त्या डोळ्यांच्या डॉक्टराने १८८७ साली आपल्या भाषेचे पहिले पुस्तक काढले ते माणसांनी एकमेकांशी समजुतीने बोलावे म्हणून. ती भाषा एका कामासाठी होती. तिच्यामागचा हेतू इतका उघड आणि उदात्त आहे की त्याला छंद म्हणायला जीभ धजत नाही.

मी बोलतो आहे ते दुसऱ्या जातीच्या भाषांविषयी. त्यांना कामच नसते. त्या घडवल्या जातात त्या रागदारीतल्या तराण्यासारख्या. 'दिर दिर तनन'मध्ये कोणी निरोप सांगत नाही, तरीही तो तराणा चांगला की सुमार, हे जाणकाराला लगेच कळते. कलेसाठी केलेल्या भाषेचे असेच असते. तिच्या स्वरांत, प्रत्ययांत, वाक्याच्या वळणात सौंदर्य शोधायचे, आणि तेवढ्यासाठीच ती करायची.

या छंदाचा सर्वांत प्रसिद्ध साधक म्हणजे जे. आर. आर. टोल्किन. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही त्यांची कादंबरी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर गाजली. पण त्यांचे स्वतःचे म्हणणे असे, की आधी भाषा झाल्या आणि त्या भाषांना राहायला जग हवे म्हणून कथा आल्या. लहानपणी चुलत-मावस भावंडांत चालणाऱ्या गमतीच्या भाषेपासून त्यांची सुरुवात झाली. ऑक्सफर्डला शिकत असताना ग्रंथालयात फिनिश भाषेचे व्याकरण हाती लागले आणि ते त्या नादाने झपाटून गेले. १९१५ च्या सुमारास त्यांनी आपल्या 'क्वेन्या' भाषेचा कोश लिहायला घेतला. पुढच्याच वर्षी ते सोमच्या लढाईत होते. १९७३ साली मृत्यू येईपर्यंत ती भाषा दुरुस्त करण्याचे काम काही संपले नाही.

१९३१ साली त्यांनी ऑक्सफर्डमध्ये या छंदावर एक व्याख्यान दिले. त्याला नाव दिले होते 'गुप्त व्यसन' अशा अर्थाचे. त्यात एका सैनिकाची हकिकत आहे. लष्करी प्रशिक्षणात कसले तरी कंटाळवाणे व्याख्यान चालू होते, आणि शेजारी बसलेला एक बुटकासा माणूस तंद्रीतून जागा झाल्यासारखा हळूच उद्गारला, की द्वितीया विभक्ती आपण शब्दाच्या आधी उपसर्ग लावून दाखवायची. बस्स, एवढेच. पुढे विचारले तर तो काही सांगेना. तो माणूस बहुधा युद्धात मेला असावा, असा टोल्किन यांचा तर्क होता. मला ही हकिकत वाचल्यापासून विसरता आलेली नाही. उद्या तोफेच्या तोंडी जाणारा माणूस आज द्वितीयेचा विचार करतो आहे. तो कर्तव्यातून पळत होता असे मला वाटत नाही. सगळ्यांनी ज्याच्या देहावर आपला हक्क सांगितला आहे, त्याने स्वतःसाठी राखून ठेवलेली ती एवढीच जागा होती.

आपल्याकडे ही वृत्ती अगदीच परकी आहे असेही नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत देशभाषांचे ज्ञान आहे आणि त्याच्या शेजारीच 'म्लेच्छितविकल्प', म्हणजे इतरांना कळू नये अशा रीतीने शब्द फिरवून बोलण्याची कलाही आहे. आपल्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, त्यामुळे ते शतकानुशतके परक्या नजरेपासून दूर राहिले. आणि घरात 'च'ची भाषा बोलून मोठ्यांना चकवणारी मुले कोणी पाहिली नाहीत? 'घरी'चे 'चरीघ' करताना त्या पोरांना आयुष्यात पहिल्यांदा कळते, की शब्द ही सुटी करून पुन्हा जोडता येणारी वस्तू आहे. फरक एवढाच की 'च'ची भाषा मराठीवरच घातलेला मुखवटा आहे, आणि या छंदिष्टांना मुखवटा नको असतो, चेहराच घडवायचा असतो.

बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची एक संन्यासिनी होऊन गेली. ती मठाची प्रमुख होती, संगीतरचना करीत असे. तिने सुमारे हजार शब्दांची एक अज्ञात भाषा लिहून ठेवली आहे. त्यातले बहुतेक शब्द म्हणजे नामे. ईश्वर आणि देवदूतांपासून सुरुवात करून माणसे, शरीराचे अवयव, झाडे, पक्षी असे करत करत ती यादी किड्यामुंग्यांपर्यंत उतरते. हे तिने कशासाठी केले याबद्दल विद्वानांत एकमत नाही. पण एवढे खरे, की सृष्टीतल्या वस्तूंना पुन्हा एकदा नाव देण्यासाठी तिला त्या वस्तूंकडे पुन्हा एकदा बघावे लागले असणार.

आता आक्षेपाकडे वळू. पहिला आक्षेप तत्त्वज्ञाचा आहे. ज्या भाषेत बोलणारा एकच, ती भाषा तरी म्हणायची का? विट्गेनश्टाइनने दाखवून दिले की जी तत्त्वतः एकालाच कळू शकते ती भाषा नव्हेच, कारण तिथे बरोबर आणि चूक यांत फरक करणारे काही उरत नाही. हे मान्य. पण टोल्किन यांची भाषा तशी नव्हती. तिला लिखित नियम होते, दुसऱ्याला शिकता येईल असे. कोणी बोलत नाही आणि कोणाला बोलताच येणार नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत भाषा एकाकी असते, दुसरीत ती नसतेच.

उलट या छंदाने टोल्किन यांना शिकवले ते वेगळेच. सुटी भाषा टिकत नाही. क्वेन्याला त्यांनी एक बहीण दिली, 'सिंदारिन', वेल्श भाषेच्या वळणाची. दोघी एकाच आईच्या लेकी, आणि दोघींतले उच्चार ठराविक नियमांनी बदललेले. सप्तचे सत्त आणि सत्तचे सात व्हावे, किंवा तमिळ 'पाल'च्या जागी कन्नडात 'हालु' आणि 'पू'च्या जागी 'हूवु' दिसावे, तसे. मग प्रश्न आला, की या दोघी दुरावल्या का? कोण कोठून निघून गेले? उत्तर द्यायचे तर इतिहास हवा, स्थलांतर हवे, भांडण हवे. शेवटी त्यांच्या पुराणात एक राजा येतो. त्याच्या भाऊबंदांची हत्या क्वेन्या बोलणाऱ्यांनी केलेली असते, म्हणून तो आपल्या राज्यात त्या भाषेवर बंदी घालतो. निर्वासित रोजच्या व्यवहारात सिंदारिन बोलू लागतात आणि त्यांची स्वतःची भाषा ग्रंथांपुरती, समारंभांपुरती उरते.

वाचकहो, बघा गंमत. एका माणसाने निव्वळ नादाच्या आवडीपोटी भाषा घडवायला घेतली आणि तिथेही सीमाप्रश्न येऊन उभा राहिला! माझ्या दृष्टीने हा त्या छंदाचा पराभव नाही. भाषेचा पुरेसा खोलवर विचार केला की माणसे टाळता येत नाहीत, हे त्या छंदाने प्रामाणिकपणे शोधून काढले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जगात भाषा मरत असताना नव्या खोट्या भाषा कशाला? इथे मार्क ओक्रँड यांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. 'स्टार ट्रेक' या चित्रपटमालिकेतल्या परग्रहवासी योद्ध्यांसाठी त्यांनी 'क्लिंगन' भाषा रचली, तिचा कोश १९८५ साली निघाला आणि हौशी लोक ती शिकू लागले. पण त्याच माणसाने १९७७ साली विद्यापीठात प्रबंध लिहिला होता तो 'मुतसुन' या कॅलिफोर्नियातल्या मूलनिवासींच्या भाषेच्या व्याकरणावर. ती सफाईने बोलणारी अखेरची वृद्धा १९३० साली वारली होती. मरणापूर्वी एका संशोधकाने तिच्याकडून शब्द लिहून घेतले, त्या टिपणांचा ओक्रँड यांना आधार मिळाला. पुढे त्या समाजातली माणसे आपल्या पूर्वजांची भाषा पुन्हा शिकू लागली तेव्हा तो प्रबंध त्यांच्या उपयोगी पडला. एकाच माणसाच्या कानाने मेलेली भाषाही ऐकली आणि कधीच नसलेलीही. भाषाप्रेम म्हणजे घरातला गहू नाही, की एकाला दिला तर दुसऱ्याला कमी पडेल.

हे आपण आपल्या भागात पाहिलेलेच आहे. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, आणि ते कन्नडचे थोर कवी झाले, १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाला. बेळगावजवळच्या सुळेभावीत कन्नड घरात जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी देवासला राहून माळव्याची लोकगीते आपली केली. यांना कोणी घरभेदी म्हणत नाही. एक भाषा मनापासून ऐकणाऱ्याला दुसरीही ऐकू येते, हाच त्यांच्या उदाहरणांचा अर्थ.

तरी या छंदाला मर्यादा नाही असे मी म्हणणार नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एका भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाशी जन्मापासून सुमारे तीन वर्षे फक्त क्लिंगनमध्ये बोलण्याचा प्रयोग केला. आई इंग्रजीत बोलत होती म्हणून बरे. घरातल्या साध्या साध्या वस्तूंना त्या भाषेत शब्द नव्हते, आणि मुलाने हळूहळू ती सोडून दिली. हे ऐकून आपल्याला हसू येते. पण त्याच्या शंभर वर्षे आधी, १८८२ साली यरुशलेममध्ये जन्मलेल्या एका मुलाला त्याच्या बापाने, एलिएझेर बेन-येहुदा यांनी, हिब्रूखेरीज दुसरी भाषा कानावर पडू न देता वाढवले. तेव्हा हिब्रू घरात बोलणारे जवळपास कोणी नव्हते, त्यामुळे त्या पोराला खेळायला सोबती मिळेनात. आज हिब्रू लाखो लोकांची मातृभाषा आहे, म्हणून बापाला द्रष्टा म्हणतात. दोघा बापांनी केले ते मात्र फारसे निराळे नव्हते. यश आले म्हणून त्या मुलाचे एकटेपण खोटे ठरत नाही.

मला वाटते, नीतीची रेघ इथे ओढावी लागते. भाषा खरी की रचलेली, उपयोगाची की निरुपयोगी, यावर ती रेघ ठरत नाही. आपल्या भाषाप्रेमाची किंमत कोण भरतो, यावर ठरते. टोल्किन यांनी ती आपल्या रात्रींनी भरली, त्या सैनिकाने आपल्या तंद्रीने. त्यात कोणाचे काही गेले नाही. उलट मातृभाषेच्या नावानेसुद्धा आपण जर लेकराच्या माथ्यावर ओझे देत असू, शेजारच्या मुलाशी त्याने कन्नडात किंवा हिंदीत खेळू नये म्हणून डोळे वटारत असू, तर आपले प्रेम कितीही खऱ्या भाषेवरचे असो, त्याचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. आणि मराठी शाळेतून काढून त्याला इंग्रजीत घालताना त्याची भाषा आपण न विचारता खर्च करत असू, तर तोही हिशेब तिथेच चढतो.

भाषेसाठी लढावे लागते तिथे लढावे, अर्ज करावेत, पाट्या मागाव्यात. त्याला पर्याय नाही. पण नुसत्या लढ्यावर भाषा जगत नाही. तिच्याशी कोणीतरी विनाकारण खेळतही राहावे लागते. आपण आपल्या मराठीकडे शेवटचे कधी नुसते कौतुकाने पाहिले? 'ळ' या अक्षराचा उच्चार, 'गेलेली असावीत'मधली क्रियापदांची रांग, बेळगावच्या बोलीत कन्नडाच्या शेजाराने आलेला हेल, यांच्याकडे हक्काचा पुरावा म्हणून न बघता सुंदर वस्तू म्हणून कधी पाहिले? रचलेल्या भाषांचे छंदिष्ट हेच करतात, आणि हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत घरातली मुले कोपऱ्यात बसून आपापसांत काही अगम्य बोलताना आढळली, तर त्यांना दटावू नका. अर्थही विचारू नका, तो ती सांगणार नाहीत. जवळ बसून एवढेच विचारा, की तुमच्या भाषेत अनेकवचन कसे करतात? मुले थोडा वेळ गप्प होतील, एकमेकांकडे बघतील, आणि मग विचार करू लागतील.