रबराचे वय

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मी आमच्या मोटारीची पूजा जरा अधिकच थाटात केली. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली; आणि दारांना असते ती काळी रबरी पट्टी फार निस्तेज दिसू लागली होती म्हणून तिच्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवला. चारच दिवसांपूर्वी गाडीला नवा रंग दिला होता. त्यात माझा एका महिन्याचा पगार गेला होता. शेजारच्या आजोबांनी गॅलरीतूनच विचारले, “काय गुरुजी, नवी घेतली की काय?” मी नुसता हसलो. असे हसणे हे अर्धे उत्तर असते, आणि ते नेहमी आपल्या सोयीचे अर्धे असते.

संध्याकाळी सोने द्यायला आमचे मिस्त्री चाचा आले. वाईतल्या निम्म्या जुन्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. आपट्याचे पान माझ्या हातात ठेवून त्यांनी दाराच्या पट्टीवरून बोट फिरवले, नाकाशी नेले आणि ते खोखो हसले.

“गुरुजी, रबराला तेल? अहो, ते त्याला बाधतं. फुगतं, ढिलं पडतं.” मग त्यांनी आत बसून ब्रेकवर पाय दिला आणि तो तसाच दाबून ठेवला. “या, बघा.”

मी वाकून पाहिले. पायाखालचे पेडल एका जागी थांबले होते खरे. पण क्षणभराने ते हळूहळू, कोणाच्या लक्षात येऊ नये असे, खाली सरकू लागले.

“बघितलं? एक दणका दिला की धरतं. दाबून धरलं की सोडतं. मास्टर सिलिंडरचा कप गेला. चाकांवरचे पण गेले असणार. किट टाका सगळं. तोवर घाटात घालू नका.” आणि जाता जाता म्हणाले, “पत्र्याची पूजा झाली. रबराची कोण करणार?”

आमची गाडी १९८५ सालची पद्मिनी. सासरेबुवांनी वापरली, मग माझ्याकडे आली. १९६४ साली मुंबईच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडू लागली, तिचेच हे पुढचे नाव. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या काळ्या-पिवळ्या बहिणी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या गेल्या, तेव्हा आमच्या घरात एखादे दूरचे नातेवाईक वारल्यासारखी हळहळ झाली होती. अशा गाडीवर माणूस प्रेम करतो ते तिच्या आकारावर, रंगावर, दार लागतानाच्या त्या भरदार आवाजावर. तिच्यात किती ठिकाणी रबर आहे याचा विचार मी कधी केला नव्हता. चाचांच्या त्या एका वाक्यानंतर तो करू लागलो.

इंजिन ज्यांवर बसते त्या गाद्या रबराच्या. रेडिएटरचे पाणी नेणारे होज पाईप रबराचे. पेट्रोलच्या नळीचा एक तुकडा रबराचा. फॅन बेल्ट, काचेभोवतीची पट्टी, लोखंड जिथे लोखंडाला भिडते तिथले बुश, सारे रबराचे. आणि माणसाचा जीव ज्यावर अवलंबून, ते ब्रेकमधले कप तर अंगठ्याएवढे. पायाचा दाब तेलावर पडतो, तेल चाकांपर्यंत तो दाब पोचवते, आणि त्या तेलाला मागे निसटू न देण्याचे काम रबराची एक मऊ कड करते. मौज अशी की, गाडीतले जे जे कठीण आहे त्याची आपण वाखाणणी करतो. पण दोन कठीण वस्तूंना एकमेकींचा चुराडा करू न देता जे एकत्र नांदवते, ते मऊ असते आणि दिसत नाही. घरातही असेच एखादे माणूस असते. ते थकले की सारे घर खडखडू लागते, आणि आवाज कुठून येतो हे कोणालाच कळत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. रसायनशास्त्र मला शाळेच्या कपाटातल्या बाटल्यांएवढेच ठाऊक. तरी कुतूहल म्हणून वाचू लागलो. रबराच्या चिकाला मुळात धड रूप नसते. उन्हात चिकटते, थंडीत फुटते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला आढळले की, त्यात गंधक मिसळून ते तापवले तर ते ताणले जाते आणि पुन्हा आपल्या जागी येते. रबर म्हणजे लांबच लांब धाग्यांचा गुंता. गंधक त्या धाग्यांना ठिकठिकाणी गाठी मारते, म्हणून त्याला वळण लागते. बिचारा गुडइयर १८६० साली कर्जात बुडालेल्या स्थितीत वारला. त्याच्या नावाची टायरची कंपनी १८९८ साली निघाली, तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

पण मला चटका लावून गेली ती पुढची गोष्ट. रबराचे म्हातारपण बाहेरून येते तसे आतूनही येते. उष्णता आणि हवेतला प्राणवायू त्याच्यावर वर्षानुवर्षे काम करीतच राहतात. कुठे धागे तुटतात, तेव्हा रबर चिकट होते. कुठे नको तितक्या नव्या गाठी पडतात, तेव्हा ते कडक होते. ज्या गाठींनी त्याला गुण दिला, त्याच प्रमाणाबाहेर वाढल्या की त्याला दगड करतात! हवेतला ओझोन तर जिथे ताण असेल नेमके तिथेच बारीक तडे पाडतो. ते तडे सरळ पाहून दिसत नाहीत. नळी वाकवून पाहावी लागते. आणि गाडी नुसती उभी ठेवली म्हणून रबर टिकत नाही. २०२० च्या टाळेबंदीपासून आमची गाडी बहुतेक काळ झाकूनच होती. मला वाटे, मी तिला जपतो आहे. पत्रा जपला गेला. रबर तेवढे झाकणाखाली म्हातारे होत राहिले.

इथवरचे सारे ज्ञान झाले. आता माझ्या अज्ञानाची, किंवा ज्याला मी अज्ञान म्हणवून घेत होतो त्याची, हकीकत सांगतो.

गाडी विकायचे ठरले होते. रंग दिला तो त्यासाठीच. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी गिऱ्हाईक आले, ते माझाच एक जुना विद्यार्थी. भिलारला त्याची स्ट्रॉबेरीची शेती आहे. आईला दर महिन्याला साताऱ्याला दवाखान्यात न्यावे लागते, एस.टी. तिला सोसत नाही. तेव्हा एखादी स्वस्त गाडी बघत होता. त्याने बॉनेट उघडलेसुद्धा नाही. “गुरुजी, तुमची गाडी म्हणजे बघायचं काय त्यात?” इतकेच म्हणाला, आणि “आईला दाखवून आणू, तुम्हीही चला,” असा आग्रह केला.

चाचांचे बोलणे मी विसरलो नव्हतो. ते मी बाजूला ठेवले होते. विसरणे आणि बाजूला ठेवणे यांत फरक आहे, आणि तो फरक फक्त ज्याचा त्यालाच ठाऊक असतो.

पसरणी घाट चढताना एका वळणावर समोरून ट्रक आला. त्याने ब्रेकवर पाय दिला. पेडल खोल गेले. त्याने घाईने दोनदा दाबले, तेव्हा गाडी थांबली. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “गुरुजी, जुन्या गाडीचं असंच असतं ना?”

मी म्हणालो, “हो.”

एकच अक्षर. पंचवीस वर्षे मी मुलांना खरे बोलावे म्हणून शिकवीत आलो; सुविचाराच्या फळ्यावर ते वाक्य किती वेळा लिहिले असेल त्याला गणती नाही. आणि ते सारे त्या एका अक्षरात बुडाले.

भिलारला त्याच्या आईने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. चहा दिला. म्हणाली, “गुरुजींनी वापरल्याली गाडी. आता मला घोर न्हाई.” तो चहा मला गिळवेना. मी मनातल्या मनात वकिली करू लागलो. त्याने विचारले कुठे? जुनी गाडी घेणाऱ्याने पाहून घेऊ नये का? शिवाय मी खोटे काय बोललो? जुन्या गाडीचे असे असतेच! प्रत्येक मुद्दा बिनतोड होता. अप्रामाणिक माणसाचे मुद्दे नेहमीच बिनतोड असतात. प्रामाणिक माणसाला मुद्द्यांची गरजच पडत नाही.

परत निघालो. मला घरी सोडून, व्यवहार पुरा करून, तो गाडी नेणार होता. पाचगणी मागे पडली. घाटाचा उतार सुरू होण्यापूर्वी खाली कृष्णेचे खोरे दिसते, धोम धरणाचे पाणी चमकते. ते पाहिले आणि माझ्या तोंडून शब्द गेले, “थांब. गाडी बाजूला घे.”

मी त्याला सगळे सांगितले. चाचा काय म्हणाले ते, पेडल कसे खाली सरकते ते, आणि माझे ते “हो” खोटे होते हेही. तो काही वेळ गप्प राहिला. मग खाली उतरला, दोन्ही चाकांमागे दगड लावले, आणि एवढेच म्हणाला, “चला, एस.टी.नं जाऊ.”

वाचणाऱ्याला वाटेल, गुरुजींची सदसद्विवेकबुद्धी ऐनवेळी जागी झाली. मलाही तसे वाटून घ्यायला आवडले असते. पण त्या रात्री अंथरुणात पडल्यावर एक प्रश्न उभा राहिला, तो अजून बसलेला नाही. मी खरे बोललो ते सत्यासाठी, की उतरणाऱ्या गाडीत मीही बसलो होतो म्हणून? व्यवहार आधीच पुरा होऊन तो एकटाच घाट उतरणार असता, तर मी “थांब” म्हणालो असतो का?

२८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले, सात माणसे गेली. कारण पाहू गेले तर एक रबरी कडे थंडीने आपला लवचिकपणा गमावून बसले होते. रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने पुढे चौकशीत तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांसमोर ते दाखवले. पण त्याहून दारुण गोष्ट ही की, आदल्या रात्री काही अभियंत्यांनी या थंडीत उड्डाण नको म्हणून परोपरीने सांगितले होते. ज्यांनी ते बाजूला सारले, ते त्या यानात बसणार नव्हते.

मला वाटते, नीतीचा सारा प्रश्न इथे येऊन ठेपतो. रबर म्हातारे होते यात कोणाचा दोष नाही. ते त्याच्या धर्माने होते. ते मला कळले नव्हते तोवर माझाही दोष नव्हता. कळल्या क्षणापासून मात्र ती गाडी कोणाच्याही दारात उभी असली तरी मी तिच्यात बसलेलोच असतो. चांगल्या माणसाला हे गाडीत न बसता कळते. माझ्यासारख्याला घाटमाथ्यावर नेऊन बसवावे लागते. माझ्या स्वभावातही केव्हातरी नको तितक्या गाठी पडल्या असाव्यात. एक दणका बसला की मीही धरतो, सभेत, वर्गात, चारचौघांत. हळूहळू, दाबून धरल्यावर काय होते, ती खरी परीक्षा. आणि त्या परीक्षेत मी खाली सरकलो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी वर जाऊन सारे किट बदलले, नळ्या बदलल्या. त्याने गाडी घेतली; खर्च मी सोसला. पण पैसे देण्याआधी त्याने काढलेले जुने कप मागून घेतले, एकेक वाकवून पाहिला, नवा ब्रेक स्वतः दाबून धरून मनात वीस आकडे मोजले. पूर्वी त्याने असे केले नसते. मला वाईट वाटले. आणि, खरे सांगतो, बरेही वाटले. माझ्यावरचा आंधळा विश्वास गेला, त्याच्या जागी त्याच्या आईच्या जिवाची काळजी आली. सौदा तसा वाईट नव्हता.

त्यातला एक कप मी खिशात घालून घरी आणला. टेबलावर ठेवायचा, अधूनमधून नखाने दाबून पाहायचा, असा विचार होता. दिवाळीच्या आदल्या दिवशी पाहतो तो जागेवर नाही. अंगणात धाकटीने किल्ला केला होता. मावळे उभे होते, हळीव उगवले होते. आणि बुरुजाखाली, तो काळा कप मातीत उलटा रोवून, त्यात पाणी ओतून तिने विहीर केली होती.

“बाबा, यातलं पाणी जात नाही हं खाली!” ती म्हणाली.

मी वाकून पाहिले. कडेला एक बारीक तडा होता, तो मला ठाऊक होता. या वेळी मात्र मी तिला लगेच सांगितले.