सात भंग, आठ ओळी

संख्याशास्त्रज्ञांच्या ‘आर’ या संगणकभाषेत ‘एक्स्पांड ग्रिड’ नावाची एक आज्ञा आहे. तिच्या स्वाधीन काही सदिश केले, की प्रत्येकातील एकेक घटक घेऊन होणाऱ्या यच्चयावत् जोडण्यांचा तक्ता ती मांडते, आणि त्यात पहिला स्तंभ सर्वांत जलद, तर शेवटचा सर्वांत मंद गतीने पालटतो. ‘अस्ति’, ‘नास्ति’ आणि ‘अवक्तव्य’ असे तीन स्तंभ कल्पून प्रत्येकात प्रथम ‘नाही’ व मग ‘होय’ एवढ्याच नोंदी ठेवल्या, तर आठ ओळी मिळतात. त्यांतील सर्वनकाराची पहिली ओळ खारीज केली, म्हणजे उरलेल्या सात जैनांच्या सप्तभंगीशी, म्हणजे विधानाच्या सात प्रकारांशी, त्यांच्या एका प्रचलित क्रमासकट, तंतोतंत जुळतात. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी 1954 साली संख्याशास्त्राच्या अधिष्ठानाची चर्चा करताना स्याद्वादाकडे, म्हणजे या सप्तभंगीच्या सिद्धान्ताकडे, लक्ष वेधले होते, त्यामुळे ही जवळीक केवळ कौतुकाची म्हणून सोडून देता येत नाही.

परंतु स्याद्वादामागचा अनेकान्तवाद म्हणजे संभवनीय तेवढ्या साऱ्या विधानांना दिलेली सरसकट मंजुरी काय? एकाच वस्तूच्या ठायी सत्त्व आणि असत्त्व हे विरुद्ध धर्म एकदम संभवत नाहीत, असा आक्षेप शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात घेतलाच आहे. आणि तक्त्यापुरते पाहिले तर तो बिनतोड आहे, कारण यंत्राच्या लेखी प्रत्येक स्तंभ इतरांपासून स्वतंत्र असल्यामुळे ‘अस्ति’ व ‘नास्ति’ यांचा विरोध त्याच्या गावीही नसतो. जैन आचार्य तो विरोध जाणतात आणि अपेक्षाभेदाने त्याचा परिहार करतात: घट स्वतःच्या द्रव्य, क्षेत्र, काल व भाव यांच्या दृष्टीने आहे, परक्याच्या दृष्टीने नाही, हे दोन्ही क्रमाने सांगितले तर तिसरा भंग होतो, एकदम सांगू गेल्यास वाणी खुंटते व चौथा होतो. ही अपेक्षा ‘स्यात्’ या पदाने व्यक्त होते, आणि तिच्यासाठी तक्त्यात स्तंभच नाही.

सर्वनकाराच्या त्या रिकाम्या ओळीचीही तीच गत: तिचे काय करायचे, हे तक्ता सांगत नाही. बौद्धांच्या चतुष्कोटीत स्तंभ दोन, ओळी चार. तेथे ‘ना अस्ति ना नास्ति’ ही रिकामी ओळ चौथी कोटी म्हणून रीतसर गणली जाते, आणि नागार्जुन पुढे चारही कोटी नाकारतो. गणित एकच असूनही एक दर्शन ती ओळ वगळते, दुसरे ती मोजून सारा तक्ताच परत करते. यादी पुरी झाली, एवढीच ग्वाही गणित देऊ शकते. त्यातील अमुक ओळ कोणत्या अपेक्षेने खरी, याचा जबाब ती उच्चारणाऱ्यालाच द्यावा लागतो.