‘उद्या या’चं ऑडिट

बँकेतल्या माणसाला जगात दोनच गोष्टींचं भय असतं: ऑडिटर आणि बदली. दरोडेखोराचं नाही. दरोडेखोराला पैसे दिले तर लोक हळहळतात. शेतकऱ्याला दिले आणि बुडाले, तर खुलासा मागतात.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कॉलेजात आम्हाला एक तत्त्व घोटून घेतलं होतं. होऊ शकणारा तोटा आधीच धरा. होऊ शकणारा नफा हातात पडल्याशिवाय धरू नका. ताळेबंदासाठी हे तत्त्व उत्तम. पण आमच्या धंद्यात ते हळूहळू माणसांनाही लागू होतं. अर्जदार समोर आला की तो माणूस दिसतच नाही. पायात चपला घालून आलेला संभाव्य तोटा दिसतो.

मग काय, अर्ज नाकारायचा? छे! लहान कर्ज नाकारलं तर कारण लेखी कळवायचं असतं, आणि ‘लेखी’ म्हटलं की आमच्या हाताला घाम फुटतो. त्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं औषध म्हणजे ‘उद्या या.’ ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘सातबारा ताजा आणा’ आणि अलीकडे जन्मलेलं ‘सर्व्हर डाऊन आहे’ ही त्याचीच भावंडं. यात होकार नाही, नकारही नाही. दिलेलं कर्ज थकलं तर फाईल निघते, सह्या तपासतात. न दिलेलं कर्ज कधीच थकत नाही! द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक नावेला जमा असते म्हणे. ‘उद्या या’ला नावेही नाही आणि जमाही नाही.

पण आमच्या बीड जिल्ह्यात त्याची नोंद पडते, फक्त दुसऱ्याच्या वहीत. मुकादमाच्या. दसरा-दिवाळी आटोपली की इथून हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. जाण्याआधी मुकादम उचल देतो. त्याला सातबारा लागत नाही, जामीनदार लागत नाही, आणि त्याचा सर्व्हर कधी डाऊन नसतो. तुम्ही म्हणाल, काय हा माणसावरचा विश्वास! पण तो विश्वास माणसावर नसतो, त्याच्या मनगटावर असतो. उचल फिटेपर्यंत ते मनगटच तारण. आम्ही कागद धरून ठेवतो, तो माणूस धरून ठेवतो.

१९६९ साली १४ मोठ्या बँका सरकारनं ताब्यात घेतल्या, त्या कशासाठी? शेतीपर्यंत, लहान धंद्यापर्यंत पैसा पोचावा म्हणून. म्हणजे आमच्या खुर्चीला काही हेतू आहे. ती नुसती फिरती नाही.

याचा अर्थ मागेल त्याला द्या, असा नव्हे. शेजारच्या रांगेत निवृत्त गुरुजी मुदत ठेवीची पावती घेऊन उभे असतात. आमचा उदारपणा त्यांच्या पैशांवर चालतो. दुसऱ्याच्या पैशावर शूर होणं सोपं आहे. आणि दुसऱ्याच्या पैशाचं नाव सांगून भित्रं राहणं त्याहूनही सोपं आहे. प्रामाणिक माणसानं बसायचं कुठं?

याचं उत्तर बीडमध्येच सापडलं. २०२० च्या खरिपात आमच्या जिल्ह्याचा पीकविमा घ्यायला एकही कंपनी पुढे येईना. आभाळाचा भरवसा आम्हालाच नाही, तर कंपन्यांना कुठून असणार? शेवटी सरकारी क्षेत्रातली भारतीय कृषी विमा कंपनी तयार झाली, ती ८०-११० च्या बोलीवर. जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत भरपाई कंपनीनं द्यायची, त्यावरची राज्य सरकारनं. भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली, तर कंपनीनं २० टक्के ठेवून उरलेलं सरकारला परत करायचं. याला ‘बीड पॅटर्न’ नाव पडलं. आमच्या जिल्ह्याचं नाव एका गणिताला मिळालं, याचं मला कोण कौतुक!

त्यामुळे पाऊस काही वेळेवर पडू लागला नाही. धोका तेवढाच राहिला. फक्त कुणी किती सोसायचा, ते आधी ठरलं. मला वाटतं, सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याचं धैर्य ते एवढंच. धोका नाहीच, असं समजणं हे धैर्य नव्हे. ‘यातला एवढा वाटा माझा, आणि तो मी का उचलला ते या कागदावर लिहिलंय’ असं म्हणता येणं, हे धैर्य. आत्मविश्वास म्हणजे तरी काय? खुलासा मागायच्या आधीच तो लिहून ठेवण्याची तयारी.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक शाखेत ‘उद्या या’ नोंदवही ठेवावी. नाव, तारीख, काय मागितलं, काय सांगितलं, आणि शेवटचा रकाना: मग तो कुठे गेला? त्या रकान्यात साखर कारखान्यांची नावं दिसू लागली, की ऑडिटरनं लाल शाईनं एकच प्रश्न विचारावा: आपण न उचललेला धोका कुणाच्या डोक्यावर गेला?

रकाने मी आखून ठेवले आहेत. वर्षाअखेर ती वही कोरी निघाली, तर कोऱ्या वहीचा एवढा आनंद झालेला बँकेतला मी पहिलाच कारकून असेन.