नजरगहाण रविवार

बी. कॉम.ला असताना बँकिंगच्या सरांनी ताबेगहाण आणि नजरगहाण यांतला फरक शिकवला, तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसून चिवडा खात होतो. तरीही तो लक्षात राहिला. सोन्याच्या पाटल्या बँकेच्या तिजोरीत गेल्या की ते ताबेगहाण. कापडाचे तागे मात्र दुकानदाराच्याच दुकानात राहतात. त्यानेच ते झटकायचे, त्यानेच घड्या घालायच्या. फक्त त्यांच्यावर बोजा बँकेचा. मनात येईल तेव्हा बँकेचा माणूस येऊन बघून जाणार. हे नजरगहाण. माल तुमच्याकडे, नजर दुसऱ्याची.

परीक्षेत हा प्रश्न आला नाही. तो आला पंचवीस वर्षांनी, एका रविवारी सकाळी, मी गॅसवर भरताचं वांगं भाजत असताना. फोन वाजला आणि पलीकडून आमचे मॅनेजर म्हणाले, "कुठे आहात?"

आता, स्वतःच्या घरात, स्वतःच्या वांग्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला 'कुठे आहात' असं विचारल्यावर अपराधी वाटायचं काही कारण नाही. पण मला वाटलं.

त्याचं असं आहे की आमच्या शाखेच्या दारात एक ए.टी.एम. आहे. शाखा घाटकोपरला. मी तिथे हेड कॅशियर, म्हणजे जातीचा क्लार्क. (२०२४ च्या करारानंतर आम्हा क्लार्क मंडळींना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव इतकं लांबलं की शेजारणीला सांगताना आमच्या हिला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो.) या यंत्राचं पोट उघडायला दोन माणसं लागतात. एकाकडे किल्ली, दुसऱ्याकडे कुलपाचे आकडे. एकट्याला मोह होऊ नये म्हणून ही सोय. नियम उत्तम आहे. फक्त यंत्र घाटकोपरला, किल्ली माझ्याजवळ बोरिवलीला आणि आकडे पाठ असलेले ऑफिसर मुलुंडला. आम्हा दोघांच्या मध्ये अख्खं नॅशनल पार्क. बिबळ्या मनात आणलं तर सरळ जाईल. मला अंधेरीपर्यंत लोकल, तिथून मेट्रो. ८ जून २०१४ रोजी ही मेट्रो सुरू झाली नसती तर आज हा लेख लिहायला मी घरी पोचलोच नसतो, साकीनाक्याच्या सिग्नलला बसमध्येच असतो.

"अहो, कधीतरीच तर फोन येतो," मॅनेजर म्हणतात. खरं आहे. महिन्यातून एखादा रविवार. पण उरलेल्या तीन रविवारांचं काय? त्या दिवशीही मी माथेरानला जात नाही, नाटकाला बसलो तर फोन मांडीवर उताणा ठेवून बसतो, आंघोळीला जाताना हिला बजावतो, "वाजला तर हाक मार." ताग्याची घडी मी घालतो, झटकतो मी, विकायची मात्र मुभा नाही. ताळेबंदाच्या तळाशी बँका 'संभाव्य देणी' म्हणून एक आकडा दाखवतात. तो बेरजेत धरत नाहीत, पण असतो. माझे रविवार तिथे आहेत. या कामाचा थोडा भत्ता मिळतो आणि तो मी आनंदाने घेतो, हेही सांगून टाकतो. नाहीतर म्हणाल, क्लार्क तो क्लार्क, भत्त्याचं तेवढं बोलला नाही.

तशी नजरगहाणाची सवय आपल्याला लोकलने केव्हाच लावलेली आहे. तुम्ही बसलेले असता. समोर उभा असलेला माणूस हनुवटी किंचित उडवून विचारतो, "कुठे?" तुम्ही म्हणता, "अंधेरी." त्या क्षणी तुमची सीट नजरगहाण झाली. बूड तुमचं, बोजा त्याचा. मग जोगेश्वरीला तुम्ही नुसतं खिशातला रुमाल काढायला हललात तरी तो पुढे सरकतो. यात कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही, आणि तरी हा व्यवहार सहसा बुडत नाही. आमच्या कर्जखात्यात असं असतं तर मी मॅनेजरांना नमस्कार घालून नाचलो असतो.

म्हणजे लोकलमध्ये शिष्टाचार नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चौथ्या सीटसाठी सरकणं आहे, दरवाज्यातल्याची बॅग आतल्या आत हातोहात रॅकवर चढवणं आहे. शांतता मात्र कधीच नव्हती. भजनीमंडळं होती, ब्रीफकेसवर पत्त्यांचे डाव होते. पण भजनात तुम्ही आत असायचात. टाळ नसला तरी मान हलवायची सोय होती. फोनवरचं बोलणं म्हणजे अर्धं भजन. बुवा गातायत आणि टाळकरी दुसऱ्या गावाला. २०१० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या संभाषणापेक्षा एकाच बाजूचं कानावर पडलेलं संभाषण लक्ष जास्त उडवतं असं निघालं. आमच्या आठ-पाचच्या डब्यात एक फेरी मारली असती तर त्यांचा खर्च वाचला असता.

तर मी आमच्या डब्यातला सभ्यतेचा इन्स्पेक्टर होतो. नेमणूक स्वतःच केलेली. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १४५ वं कलम, दारू, उपद्रव, अर्वाच्य भाषा वगैरे, मी लोकांना ऐकवत असे. एका सकाळी मालाडच्या आसपास एक तिशीतला माणूस फोनवर ओरडू लागला. ओरडणं म्हणजे अगदी भाजीमंडईतलं. "मेन स्विच! मेन स्विच गिराओ पहले!" मी पेपर खाली केला, चष्मा वर केला आणि म्हणालो, "अहो, हे सार्वजनिक ठिकाण आहे. घर नाही तुमचं."

तो दचकला. फोनवर हात ठेवून म्हणाला, "सॉरी काका," आणि खरोखरच आवाज खाली आणला. मला विजयाची लहर आली. ती कांदिवली-मालाड एवढ्या अंतराचीही टिकली नाही. कारण पलीकडच्याला आता ऐकू येईना. "नाही नाही, दरवाजा मत खींचो... अरे मत खींचो... सुनाई देता है क्या?" मग तो माझ्याकडे वळून, जवळजवळ परवानगी मागितल्यासारखा म्हणाला, "काका, मुलुंडला लिफ्ट अडकलीय. दोन मजल्यांच्या मध्ये. आत बाई आहेत. वॉचमन दार ओढतोय. माझा माणूस भांडुपहून निघालाय, पण तोपर्यंत यानं दार उघडलं तर..."

डब्यातले चारजण एकदम म्हणाले, "मोठ्यानं बोला हो!"

मग तो बोलला. बाईंना खाली बसायला सांग, हवा येते, गुदमरत नाही असं सांग, दाराला हात लावू नको, माणूस येतोय. गोरेगाव गेलं, राम मंदिर गेलं. अख्खा डबा त्या लिफ्टमध्ये बसला होता. जोगेश्वरी सोडताना तो म्हणाला, "निकल गयी? ठीक है ना?" आणि डब्याने सुस्कारा टाकला. कुणीतरी त्याला चौथी सीट दिली. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. पाहून हसले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर पंधरा दिवसांत रविवारी माझा फोन वाजला. मी गाडीतच होतो, पार्ल्याला जात होतो. नोटा अडकल्या होत्या. पंखे, रूळ, शेंगदाणेवाला या सगळ्यांवरून आवाज चढवत मी बोलत होतो, "कुठल्या कॅसेटमध्ये? पाचशेच्या? किती आहेत आत?" आणि मग, देवाशपथ, माझ्याच तोंडून खणखणीत निघालं, "किल्ली माझ्याकडेच आहे!"

डबा वळला. अंधेरीपर्यंत मी ती पिशवी तान्ह्या मुलासारखी उराशी धरून होतो. आत किल्ली होतीच, वर मेहुणीसाठी घेतलेले सुतरफेणीचे दोन डबे.

पण पिशवीपेक्षा मला दुसरीच गोष्ट डाचत राहिली. लिफ्टवाल्याचं ओरडणं आणि माझं ओरडणं कानाला सारखंच. मग फरक कशात? अडचण मोठी म्हणून त्याला माफ, असं म्हणावं, तर ज्याची त्याला आपली अडचण मोठीच वाटते. मी जमाखर्चाने विचार करतो. दुसरं काही येत नाही. घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याच्या नावावर जमा करा, हा पहिला धडा. रविवारी यंत्रापाशी एक माणूस पगार देऊन बसवण्याऐवजी बँक मला फोन करते. वाचले ते बँकेच्या नावावर. तो खर्च ती माझ्या रविवारी टाकते, मी डब्यातल्या शंभर लोकांच्या कानांवर टाकतो. प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा येतो की कोणी तक्रार करत नाही. पण त्यांच्या खात्यावर नावे पडलेच, तेही सहीशिवाय. काउंटरवर मी असं केलं तर सस्पेंड होईन. लिफ्टवाल्याच्या वेळी मात्र चौघांनी आपणहून सही दिली होती: "मोठ्यानं बोला हो!" मला कोणी तसं म्हणालं नाही.

यावर कायद्याचाही इलाज निघालेला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाची वेळ संपल्यावर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडलं, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. खासगी सदस्याचं विधेयक आपल्याकडे १९७० नंतर एकदाही कायदा झालेलं नाही, त्यामुळे मॅनेजर निर्धास्त आहेत. आणि झाला कायदा, तर मुलुंडच्या त्या बाईंना कोणी सांगायचं की लिफ्टवाला सोमवारी सकाळी दहाला संपर्कात येईल?

मी माझ्यापुरता कायदा करून पाहिला. पुढच्या खेपेला फोन वाजला तो वाजू दिला. रात्री मेसेज टाकला, 'नेटवर्क नव्हतं.' वांग्याचं भरत झालं, दुपारी झोपही झाली. सोमवारी शाखेत शिरताना वॉचमन सहज म्हणाला, "साहेब, काल एक आजी तीन वेळा येऊन गेल्या. मशीन बंद म्हणून परत गेल्या." कोण आजी, कशाला हवे होते पैसे, त्याला माहीत नव्हतं. मी दिवसभर काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक म्हातारीकडे पाहत होतो. त्यांच्यातल्या एकीने पासबुक पुढे करत विचारलं, "असं काय बघता?"

गेल्या रविवारी पुन्हा पार्ल्याचा योग आला. ही बायकांच्या डब्यात, मी पुरुषांच्या. गोरेगाव सुटलं आणि फोन थरथरला. समोरच्या माणसाने कांदिवलीलाच माझ्या सीटचं बुकिंग केलं होतं, अंधेरीच्या बोलीवर. मी फोन उचलला, हळूच म्हणालो, "दोन मिनिटांत करतो," आणि राम मंदिरला उतरलो. त्या गृहस्थाला सीट दोन स्टेशनं आधी मिळाली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्याकडे आमचे मॅनेजर पाहतात: आनंद, पण थोडा संशय.

फलाटावर बेताची गर्दी होती. मी कडेला जाऊन बोलू लागलो. जरा वेळाने लक्षात आलं, आणखी तिघे तिथेच येरझारा घालत बोलतायत. एक पोरगा कुठल्यातरी सर्व्हरला बंद करून पुन्हा सुरू करायला सांगत होता. एक बाई शांतपणे कुणाला तरी औषधाचा डोस सांगत होत्या. तिसऱ्याचं बोलणं गुजरातीत होतं, पण 'अर्जंट' हा शब्द कळला. माझ्यासमोरून जाताना त्या बाईंनी मान हलवली. मीही हलवली.

दोन गाड्या गेल्या. मुलुंडचे ऑफिसर निघालेत एवढं पक्कं करून मी फोन ठेवला, तोच तो पुन्हा वाजला. पार्ल्याच्या फलाटावरून ही विचारत होती,

"कुठे आहात?"