तत्त्व त्याचे, तडजोड तिची

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ साली पडद्यावर आला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, पुढे कामत यांनीच आर. माधवनला घेऊन तो ‘एवनो ओरुवन’ या नावाने तमिळमध्ये केला, आणि संदीप कुलकर्णी यांचा माधव आपटे मराठी सिनेमातल्या न विसरता येणाऱ्या माणसांत जाऊन बसला. चित्रपट चांगला आहे याबद्दल कोणी भांडत नाही. भांडण आहे ते आपटेवरून. बँकेतला हा पापभीरू कारकून, बायको आणि दोन मुलांचा डोंबिवलीकर बाप, एके दिवशी क्रिकेटची बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो आणि दिसेल त्या लबाडीवर ती चालवतो. प्रेक्षकांतल्या एका तटाला वाटते, आपल्याला जे रोज करावेसे वाटते आणि जमत नाही ते याने केले. दुसऱ्या तटाला वाटते, हे झुंडशाहीचे पहिले पाऊल आहे. आज एका सज्जनाच्या हातातल्या बॅटला टाळ्या वाजवल्या, तर उद्या दुर्जनाच्या हातातली काठी अडवायची कोणत्या तोंडाने? वीस वर्षे झाली तरी हा वाद आहे तिथेच आहे, आणि त्याचे कारण असे की दोन्ही तटांचे डोळे बॅटवर खिळले. घराकडे पाहायचे राहूनच गेले.

खरे तर हा कुटुंबाचा चित्रपट आहे. आपटेच्या संतापाची सुरुवात कुठून होते ते थंड डोक्याने बघावे. पक्ष, निवडणूक, विचारसरणी यांपासून ती होत नाही. थंड पेयाच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणारा दुकानदार आणि मुलाच्या शाळाप्रवेशासाठी मागितलेली देणगी, ही त्याची शत्रूंची यादी आहे. वाण्याच्या वहीत किंवा महिन्याच्या हिशेबात सापडतील अशा या बाबी. ज्या माणसाला क्रांतिकारक म्हणायचे की माथेफिरू यावर एवढी शाई खर्च झाली, त्याचे भांडण मुळात घरखर्चाच्या नोंदींशी आहे. चित्रपटाची सुरुवातही तेच सांगते. गजर, आंघोळ, डबा, प्लॅटफॉर्म, लोकल, बँक, परत लोकल, परत घर. हा क्रम इतक्या झपाट्याने आणि इतक्या वेळा समोर येतो की बघणाऱ्याला धाप लागते. त्या चक्रात घर येते, पण घरात माणूस थांबत नाही. कामत यांनी चित्रपटाला नायकाचे नाव दिले नाही, गाडीचे दिले. एवढ्यावरूनही त्यांचा रोख कळायला हवा होता.

मूळ कल्पना परकी आहे, हे खरे आणि ते लपवण्यासारखेही नाही. जोएल शूमाकर यांच्या १९९३च्या ‘फॉलिंग डाऊन’मध्ये मायकेल डग्लस असाच चिडून लॉस एंजलिसच्या रस्त्यांवर निघतो. थंड पेयाच्या जास्तीच्या पैशांवरून दुकान फोडतो, फक्त तिथे बॅट बेसबॉलची असते. तो दुकानदार कोरियन दाखवल्यामुळे अमेरिकेतल्या कोरियन समाजाने चित्रपटाचा निषेध केला होता. म्हणजे तिथेही प्रेक्षक दुभंगलेच. पण दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की दिसतो तो फरक. डग्लसच्या माणसाची नोकरी गेलेली आहे, घटस्फोट झालेला आहे, आणि घराजवळ फिरकायलाही त्याला बंदी आहे. लेकीच्या वाढदिवसाला ‘घरी’ जायचे म्हणून तो शहर तुडवत निघतो. जे घर उरलेलेच नाही तिकडे. आपटेकडे नोकरी आहे, घर आहे, घरात बायको-मुले आहेत. सगळे जागच्या जागी असलेल्या घरातून तो बाहेर पडतो. अमेरिकन उपनगर म्हणजे हिरवळ, गाडी आणि सुबत्तेला आलेला कंटाळा. १९९९च्या ‘अमेरिकन ब्यूटी’ने त्याच कंटाळ्यावर ऑस्कर मिळवले. आपल्या उपनगराला कंटाळण्याची चैन परवडत नाही. दादर-गिरगावात जागा परवडेना म्हणून माणसे डोंबिवलीला गेली. कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत बारा लाखांपुढे पोहोचली होती. तिथले रिकामपण वेळेच्या टंचाईतून येते, आणि म्हणून कामत यांनी घेतलेली कल्पना उसनी असली तरी तिच्यात भरलेले दुखणे अस्सल इथले आहे.

त्या दुखण्याचे नाव अलका. शिल्पा तुळसकर यांनी केलेली आपटेची बायको बहुतेक प्रेक्षकांना कटकटी वाटली. तत्त्वनिष्ठ नवऱ्याच्या मागे ‘जरा जगासारखे वागा’ म्हणून लागणारी बाई, असे तिला एका ओळीत निकालात काढले गेले, आणि गंमत अशी की या एका मुद्द्यावर दोन्ही तटांचे एकमत आहे. आता तिची बाजू मांडून बघा. मुलाला शाळेत जागा मिळाली नाही तर त्याचे काय करायचे, हा प्रश्न संध्याकाळी डोंबिवलीला उतरणाऱ्या माणसापुढे तत्त्वाच्या रूपात येतो. दिवसभर घरी असणाऱ्या बाईपुढे तो मूल या रूपात येतो. शाळेच्या फाटकापाशी तीच उभी असते, इतर आयांनी काय केले हे तिलाच ऐकावे लागते, दुकानदाराशी, पाणीवाल्याशी, वायरमनशी जुळवून तिलाच घ्यावे लागते. तो भ्रष्टाचाराला नाही म्हणतो आणि लोकल पकडतो. त्या नकाराची किंमत चुकती करायला घरी ती उरते. मराठी मध्यमवर्गाच्या प्रामाणिकपणाच्या पुष्कळ गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. त्या प्रामाणिक घरांतली तडजोड कोणी केली, कोणाच्या पाया पडून रेशन मिळवले, कोणाला दिवाळीचा फराळ पोचवून काम करून घेतले, हे त्या गोष्टींत येत नाही. नवऱ्याच्या हाताला डाग लागू नये म्हणून बायकोने आपले हात वापरायचे, हा आपल्या सुसंस्कृत घराचा अलिखित करार. माधव आपटे हा करार मोडत नाही, कारण असा काही करार आहे याची त्याला कल्पनाच नाही. अलका तो त्याच्यासमोर मांडते, तेव्हा त्याला ते आपल्याच घरातून झालेले बंड वाटते. बॅट त्यानंतरची. प्रेक्षक ज्या गोष्टीवरून भांडतात, तिचा निकाल घरात आधीच लागलेला असतो.

याला पुरावा हवा असेल तर तो त्याच दिग्दर्शकाने दहा वर्षांनी दिला. कामत यांचा २०१५चा हिंदी ‘दृश्यम’, जीतू जोसेफ यांच्या मल्याळम चित्रपटावर आधारलेला, गोव्यात घडतो. त्यातला विजय साळगावकर प्रेत लपवतो, पुरावे नष्ट करतो, पोलिसांशी धडधडीत खोटे बोलतो, बायको-मुलींना खोटे बोलायला शिकवतो. कायद्याच्या दृष्टीने आपटेपेक्षा त्याचे करणे काही हलके नाही. तरीही त्याच्यावरून प्रेक्षकांत तट पडले नाहीत. सगळे थिएटर त्याच्या बाजूने. का? कारण त्याने सारे घरासाठी केले. तेव्हा ‘कायदा हातात घ्यावा का’ हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका छळत नाही. घरासाठी घेतलेला कायदा आपण मुकाट्याने माफ करतो, आणि घर सोडून तत्त्वासाठी घेतला की आपल्यात भांडण लागते. आपटेबद्दलची दुफळी ही हिंसेबद्दलची दुफळी नव्हे. घर मोठे की तत्त्व, हे ठरवता न आलेल्या एका वर्गाची ती आपापसातली कुरबुर आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. चित्रपटाने अलकाला जागाच दिली किती? तिच्या बाजूने मी जे एवढे बोललो त्यातले पडद्यावर थोडे आहे, बरेचसे मी वाचून काढले आहे. कबूल. आणि हा चित्रपटाचा दोषच आहे. पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली मार्गावर लेडीज स्पेशल सुरू केली ती १९९२ साली; म्हणजे २००५पर्यंत उपनगरातली बाई नुसती डबा भरून पाठवणारी राहिली नव्हती, स्वतः डबा घेऊन धावणारीही झाली होती. कामत यांनी ती पाहिली नाही. घरातले भांडण सुरू करून त्यांनी कॅमेरा नवऱ्याच्या मागे रस्त्यावर नेला आणि तिथेच ठेवला. सहानुभूती बाळगणारा पोलीस इन्स्पेक्टर आणि अखेर पोलिसांच्या गोळीने मरण, ही मला या चित्रपटाची पळवाट वाटते. हुतात्मा झालेल्या माणसाला कोणी घरचा हिशेब विचारत नाही. पण पळवाट शोधावी लागली, याचाच अर्थ मागे अडचण उभी होती. ज्या चित्रपटात घराचा प्रश्नच नसतो त्याला त्यातून निसटण्याची गरज पडत नाही.

दुसरा आक्षेप आपटेच्या आडनावाकडे बोट दाखवतो. पांढरपेशा, सवर्ण, कायम नोकरीतला हा माणूस बॅट उगारतो ती टपरीवजा दुकानाच्या काचेवर. ज्या बँकेत तो बसतो तिच्या व्यवहारांवर नव्हे. याला सात्त्विक संताप म्हणायचे की आपल्यापेक्षा लहानावर काढलेला राग? या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. माणसाचा राग हाताशी येईल त्यावर निघतो. रोज त्याच्या हाताशी येतो तो दुकानदार, आणि घरी बायको. दोघांनाही त्याच्या शुद्धतेची झळ बसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: यात उपनगराचा काय संबंध, असा नवरा दादरलाही असू शकतो. असू शकतो. मात्र दादरचा नवरा साडेसहाला घरी आला असता आणि शाळेच्या फाटकाशी एखाद्या दिवशी तोही उभा राहिला असता. साधा गुणाकार करावा. डोंबिवली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अठ्ठेचाळीस किलोमीटर. घरापासून कचेरीपर्यंत येण्याजाण्याचे रोज तीन तास धरले आणि वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले, तर नऊशे तास होतात, म्हणजे सदतीस अहोरात्री. एवढे दिवस माणूस घरातही नसतो आणि कामावरही नसतो. या काळात घर कोणीतरी चालवत असते, आणि जो चालवतो त्याला तडजोड करावीच लागते. घरातली नीतीची वाटणी ही अशी वेळेच्या वाटणीतून झालेली असते. अंतर वाढले की ती आणखी विषम होते.

आणि अंतर वाढलेच आहे. कर्जत तालुक्यातले शेलू हे वांगणी आणि नेरळ यांच्यामधले स्टेशन. मुंबईपासून ऐंशी किलोमीटरहून दूर, रायगड जिल्ह्यात. कलेक्टर अलिबागला आणि पोटापाण्याचे काम मुंबईत. लोहमार्ग या भागातून खोपोलीपर्यंत गेला तो १८५६ साली, पण शेलूला मुंबईचे उपनगर म्हणायची वेळ अलीकडे आली. इथून रोज जाणाऱ्याचे घर ते कचेरी धरून पाच तास सहज जातात. वरचाच गुणाकार केला तर दीड हजार तास, वर्षातले दोन महिने. याच शेलूत आणि वांगणीत गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना सुमारे ८१ हजार घरे देण्याची सरकारी योजना पुढे आली, तेव्हा कामगार संघटना आम्हाला मुंबईतच घर हवे म्हणून उभ्या राहिल्या, आणि जुलै २०२५मध्ये आझाद मैदानावर मोर्चा झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेल्यांची ही तिसरी पिढी. ज्या जमिनीवर गिरण्या होत्या तिथे मनोरे उभे राहिले, आणि कामगाराला दाखवले शेलू.

या मागणीवर जी मते पडली ती पाहताना ‘डोंबिवली फास्ट’चे प्रेक्षक पुन्हा समोर बसल्यासारखे वाटतात. एका बाजूचे म्हणतात, मिळते आहे तर घ्यावे, हट्ट कशाला. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, हा हक्काचा आणि तत्त्वाचा प्रश्न आहे. एकाला घराची किंमत दिसते, दुसऱ्याला न्याय दिसतो. शेलूच्या त्या घरात पहाटे कोण उठणार, पोर आजारी पडले तर कर्जतच्या दवाखान्यात कोण नेणार, आई-बाप दोघेही लोकलमध्ये असताना शाळेतून आलेल्या मुलाला दार कोण उघडणार, हे प्रश्न दोन्हीकडे उशिरा आणि कमी ऐकू येतात. वास्तविक घर कुठे असावे याचा निर्णय याच प्रश्नांवर व्हायला हवा. ऐंशी किलोमीटरवरचे घर घेतले की त्याबरोबर एका माणसाचे, बहुधा एका बाईचे, सगळे आयुष्य त्या अंतराला भरपाई म्हणून लावावे लागते, आणि ही रक्कम कोणत्याही अनुदानात मोजलेली नसते.

निशिकांत कामत २०२० साली गेले. त्यांनी सुरू केलेले आणि अर्धे सोडलेले ते घरातले भांडण पुढे नेण्याजोगी जागा आता डोंबिवली राहिलेली नाही. डोंबिवली फास्ट डोंबिवलीलाच संपते, शेलूला जायचे तर कर्जत किंवा खोपोली लोकल धरावी लागते. त्या गाडीने जाणाऱ्यांच्या घरावर कोणी नाटक किंवा चित्रपट लिहायला घेणार असेल तर त्याला एवढीच विनंती की सुरुवात प्लॅटफॉर्मवरून करू नये. पहाटे चारला स्वयंपाकघरात जो दिवा लागतो तिथून करावी, आणि गाडी गेल्यावर कॅमेरा घरीच ठेवावा.