गोळी कुणाला द्यायची?

मोर्च्यात घसा फोडणं सोपं हाय. घरात गप पडलेल्या बाईसमोर बसणं अवघड.

पौष पुनवेला म्हशाची जत्रा भरते. बैलबाजार, पाळणे, भोंगे. गेल्या खेपेला सारं गाव तिकडं, आणि वहिनी भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवेना, पोरींकडं बघंना. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं आहे, देवऋषाकडं न्या. मी खवळलो. बाबासाहेबांच्या लेकरांच्या घरात देवऋषी? तालुक्याला डॉक्टरकडं नेली. डिप्रेशन, म्हणाले. गोळ्या दिल्या. मला वाटलं, मी जिंकलो.

महिन्याभरानं ती उठून बसली. म्हणाली, "भावजी, गोळीनं झोप येते. पण जाग आल्यावर घर तेच."

घर तेच म्हणजे? भाऊ पितो, हात उचलतो. दोन पोरी झाल्या, आय म्हणते आता नातूच पाहिजे. आणि मी? मिलमधून रात्रपाळी करून येतो, बैठक घरातच लावतो, सहा जणांचा चहा सांगतो. मुक्तीवर बोलतो. कप कोण विसळतं ते बघत नाही.

लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायांवर ब्राऊन आणि हॅरिस यांचं पुस्तक 1978 साली आलं. मन मोकळं करायला जवळचं माणूस नाही, पदरात तीन-चार लहान पोरं, अशा बाईवर संकट आलं की ती खचायचा धोका वाढतो. गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास 2002 साली छापला. त्यातही गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना झालेली मुलगी. शेजारणी बाहेरचं म्हणत होत्या. हे तर घरातलं निघालं.

देवऋषानं दोष भुतावर टाकला असता, मी आजारावर टाकला. घर दोन्हीकडून निर्दोष सुटतं. गोळी खोटी नाही, तिच्यामुळंच वहिनीला बोलायचं बळ आलं. पण ती बोलली ते ऐकायचं कुणी?

20 जुलै 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, बायकोनं नवऱ्याची मैत्रीण, बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम होऊ नये. हे मी दहा सभांत सांगितलंय. थोरल्या भावाला एकदाही नाही. त्याच्यापुढं उभं राहण्यापेक्षा तहसील कचेरीवर चालून जाणं सोपं.

परवा त्याला बोललो. भांडण पेटलं. आय माझ्याशी बोलत नाही. बैठक आता विहारात असते, चहा आपापला. वहिनीच्या गोळ्या चालू आहेत.